‘हे मला कशावरून माहीत आहे?’ : स्वतःची एखादी समजूत तपासून पाहण्याची रीत

आपल्या डोक्यात जी माहिती असते, तिच्यातला फारच थोडा भाग आपण स्वतः पडताळलेला असतो. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी मोजलेले नाही. इतकेच काय, स्वतःची जन्मतारीखसुद्धा आपण इतरांच्या तोंडून ऐकूनच सांगतो. त्यामुळे ‘स्वतः पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका’ हा सल्ला ऐकायला कितीही बाणेदार वाटला, तरी तो पाळता येण्याजोगा नाही, आणि देणाराही तो पाळत नसतो. करता येण्याजोगे काम निराळे आहे. आपण कोणावर, कोणत्या बाबतीत आणि कशाच्या भरवशावर विश्वास टाकला आहे ते शोधून काढायचे, आणि तो भरवसा रास्त आहे का ते पाहायचे. त्यासाठी एक वही, पेन्सिल आणि एका समजुतीमागे आठवडाभराची सवड एवढे पुरते.

पहिले काम म्हणजे समजूत एका वाक्यात लिहून काढणे. हे वाटते तितके सोपे नाही. ‘शिक्षणाने माणूस सुधारतो’ असे वाक्य आपण सहज लिहितो, पण कोणते शिक्षण, किती वर्षांचे, आणि सुधारतो म्हणजे नेमके काय होते, हे ठरवल्याशिवाय ते खरे की खोटे हा प्रश्नच उभा राहत नाही. वाक्य असे हवे की जे खोटे ठरण्याची काही शक्यता असेल. लिहिताना आणखी एक फोड करावी. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात दाखवून दिले होते की, लेखक ‘असे आहे’ म्हणता म्हणता नकळत ‘असे असावे’ यावर येऊन पोहोचतात आणि मधली पायरी कुठेच दिसत नाही. आपल्याही वाक्यात या दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. ‘मोठ्यांचे ऐकणारी मुले पुढे सुखी होतात’ हा वस्तुस्थितीविषयीचा दावा आहे. ‘मुलांनी मोठ्यांचे ऐकावे’ हे मूल्य आहे. पहिला पुराव्याने तपासता येतो. दुसऱ्यासाठी पुरावा पुरत नाही, तिथे कारणे द्यावी लागतात. दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या ओळींवर लिहिली की निम्मे वाद तिथल्या तिथे मिटतात, असा माझा अनुभव आहे.

आता वाक्याखाली त्या समजुतीचा उगम लिहायचा. इथे न्यायदर्शनाची, म्हणजे ज्ञान आणि तर्क यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाची, जुनी विभागणी आजही उत्तम कामाला येते. त्यात ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी यांतले एकटे प्रत्यक्षच मान्य केले असे सांगितले जाते, तर अद्वैत वेदान्ती सहा प्रमाणे मानतात. पण आपल्या वहीपुरती चार पुष्कळ झाली. मी हे स्वतः पाहिले का? पाहिलेल्यावरून ताडले का? दुसऱ्या कशाशी असलेल्या साम्यावरून ओळखले का? की कोणी सांगितले म्हणून मानले? प्रामाणिकपणे लिहीत गेल्यास पानोपानी ‘शब्द’ हाच शब्द येत राहतो. त्याने ओशाळण्याचे कारण नाही, कारण या दर्शनाच्या मूळ ग्रंथाने, न्यायसूत्रांनी, शब्दाला खालच्या दर्जाचे प्रमाण मानलेले नाही. अट मात्र घातली आहे : तो शब्द आप्ताचा हवा.

हा ‘आप्त’ शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आजच्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने दिलेला अर्थ वेगळा आहे : ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. म्हणजे माणूस कोणत्या कुळातला, किती वयाचा, आपला की परका, याला महत्त्व नाही, प्रश्न दोनच. याला हे कळण्याचा मार्ग होता का? आणि हा ते जसेच्या तसे सांगेल का? आपण बहुतेक समजुती मराठी अर्थाच्या आप्तांकडून घेतो आणि त्या न्यायशास्त्रातल्या अर्थाच्या आप्तांकडून आल्या असे गृहीत धरतो. आईच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नसते, पण तिला ती विशिष्ट गोष्ट कळण्याचा मार्ग होता का, हा प्रश्न तरीही उरतोच. तेव्हा वहीत सांगणाऱ्याच्या नावापुढे या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी लिहावीत. प्रेमळ माणूस आणि जाणता माणूस यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

यानंतर साखळी मागे मागे नेत जायची : सांगणाऱ्याला कोणी सांगितले, त्याला कोणी? माझ्या वहीतले एक उदाहरण देतो. शाळेच्या पुस्तकात जिभेचे एक चित्र होते : टोकाला गोड, कडांना खारट आणि आंबट, मागे कडू. ते मी पाठ केले, परीक्षेत काढले, गुण मिळवले. पुष्कळ वर्षांनी वहीत हे वाक्य लिहून खाली ‘शब्द – पाठ्यपुस्तक’ अशी नोंद केली आणि माग काढायला लागलो. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदनक्षमता मोजली होती आणि त्याला थोडाथोडा फरक आढळला होता. १९४२ मध्ये एडविन बोरिंग या मानसशास्त्रज्ञाने ती मोजमापे आलेखात अशा तऱ्हेने मांडली की, वाचणाऱ्यांना ‘कमी’ म्हणजे ‘मुळीच नाही’ असे वाटले. पुढचे काम नकला करणाऱ्यांनी केले. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी मोजमापे पुन्हा घेतली तेव्हा फरक आहे पण तो किरकोळ आहे, आणि चव घेणाऱ्या सगळ्या भागांना सगळ्या चवी कळतात, असे दिसले. या साखळीत खोटे कोणीच बोलले नव्हते. एका दुव्यावर अर्थ घसरला आणि नंतर कोणी मागे वळून पाहिले नाही. समजुती बहुधा अशाच बिघडतात, म्हणून लबाड माणूस शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा निसटता दुवा शोधावा.

जिथे प्रत्यक्ष शक्य आहे तिथे ते करूनही पाहावे. मी वाटीभर पाण्यात मीठ विरघळवले, जीभ कापडाने टिपली आणि खाऱ्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा फक्त टोकाला टेकवला. चित्रातल्या टोकावर एकच शब्द होता, ‘गोड’. माझ्या जिभेच्या टोकाला मात्र स्वच्छ खारट लागले. दोन मिनिटांचे काम, आणि ते मी तीस वर्षांत एकदाही केले नव्हते! रोज जेवत होतो, तरी.

एवढ्यावर थांबू नये, कारण पुरावा शोधताना आपले मन आपल्याच बाजूने वकिली करते. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक साधा खेळ प्रसिद्ध केला. २, ४, ६ ही मालिका एका नियमात बसते. तुम्ही आणखी मालिका सुचवा, ती बसते की नाही हे सांगितले जाईल, आणि खात्री झाली की नियम ओळखा. लोक ८, १०, १२ सुचवत, होकार मिळाला की २०, २२, २४ सुचवत आणि ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असे खात्रीने जाहीर करत. नियम होता ‘चढत्या क्रमाचे कोणतेही आकडे’. २९ जणांपैकी पहिल्याच जाहीर उत्तरात तो बरोबर ओळखणारे ६ निघाले. ज्या मालिकेला नकार मिळेल अशी आपली अटकळ आहे, तीच मुद्दाम विचारायची, हे फार थोड्यांना सुचते. म्हणून वहीत एक ओळ राखून ठेवावी : ‘काय दिसले तर मी ही समजूत सोडीन?’ ती ओळ भरता येत नसेल, तर आपण तपासणी करत नसून समर्थन करत आहोत असे समजावे. आपल्या परंपरेत ग्रंथकार आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडत, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल अशा ताकदीने, आणि मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला आपले उत्तर. हा क्रम घरच्या वहीतही पाळावा. ज्याला आपले म्हणणे पटत नाही अशा माणसाला आपण लिहिलेला पूर्वपक्ष वाचून दाखवावा आणि ‘तुमचे म्हणणे हेच ना?’ असे विचारावे. पहिल्या खेपेला तो हो म्हणाला, असे माझ्या बाबतीत अजून झालेले नाही.

दुसरी अडचण चारचौघांची. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका रेषेएवढी लांब रेषा तीन रेषांतून निवडायची होती. उत्तर डोळ्यांना उघड दिसत होते, पण आधीच ठरवून बसवलेले बाकीचे सगळे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांत खऱ्या सहभागी व्यक्तींची सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटामागे गेली. (उरलेली दोनतृतीयांश गेली नाहीत, हे सांगायचे लोक विसरतात.) गटात एकच माणूस जरी खरे बोलला, तरी हा दाब पुष्कळ उतरत असे. यावरून दोन सवयी लावून घ्याव्यात. चर्चेला बसण्याआधी आपले मत एकट्याने, तारखेसह लिहून ठेवावे. आणि ज्याच्यापाशी ‘मला तसे दिसत नाही’ असे उघड म्हणता येईल, असा निदान एक माणूस जवळ राखावा. समजूत सोडल्याने घरात, मित्रमंडळीत काय गमवावे लागेल, हेही वहीत स्पष्ट लिहावे. पुष्कळदा आपल्याला पुरावा अडवत नसतो, हा हिशेब अडवत असतो. तो कागदावर आला म्हणजे निदान त्याला पुराव्याचे सोंग घेता येत नाही.

तज्ज्ञांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. तज्ज्ञ चुकतात. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले आणि बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते कित्येक दशके मानले नाही. पण ती चूक सुधारली कोणी? १९६० च्या दशकात समुद्रतळाचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकांनीच. तेव्हा ‘तेही चुकले होते’ एवढ्यावरून स्वतःचा तर्क वरचढ ठरत नाही. चूक दाखवून देण्याची काही रीत ज्या क्षेत्रात चालू आहे, तिथला शब्द अधिक भरवशाचा धरावा.

शेवटी पानाखाली निकाल लिहायचा, पण तो खरे-खोटे अशा दोन कप्प्यांत कोंबू नये. ‘पक्के’, ‘बहुधा’, ‘ऐकीव’ आणि ‘सोडले’ असे चार शेरे मला पुरतात. ‘ऐकीव’ शेऱ्याची पाने सर्वांत जास्त भरतात, आणि तशीच राहू द्यावीत. बोलताना मात्र ती ऐकीव म्हणूनच सांगावीत. पान सहा महिन्यांनी पुन्हा उघडावे. आणि ज्या पानावर ‘सोडले’ असा शेरा पडला, त्या पानावर आपण ती समजूत कोणाकोणाला शिकवली होती त्यांची नावे लिहून त्यांना गाठावे. जिभेच्या पानावर माझ्याकडे तीन नावे होती. दोघांनी हसून सोडून दिले. तिसरी माझी भाची. तिला ते चित्र मी स्वतः काढून दिले होते. ती म्हणाली, ‘मामा, मला तेव्हाच टोकाला खारट लागलं होतं, पण तू सांगितलंस म्हणून मी गप्प बसले.’