जुन्या व्हिडिओ गेममध्ये नवा गेम कसा घालायचा

माळ्यावरचा व्हिडिओ गेम खाली काढला की घाईनं अडॅप्टर लावू नका. आधी मल्टिमीटर लावा. मूळ जपानी फॅमिकॉम (निन्टेंडोचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम) १९८३ चा, त्याच्या जॅकला आत मायनस आणि बाहेर प्लस. आपल्याकडं खपल्या त्या त्याच्या नकला. कुणाचं आत प्लस, कुणाचं आत मायनस. उलटं लागलं तर आतलं काय काय जाईल, सांगता येत नाही.

माझं रिपेरिंगचं दुकान लातूरला, गंजगोलाईपासून जवळच. नीटच्या क्लासची पोरं रविवारी घरचा जुना डबा पिशवीत घालून येतात, "मामा, यात नवीन गेम बसंल का?" बसतो. या मशिनींसाठी आजही लोक गेम लिहितात. मायक्रो मेजेस २०१९ मध्ये आला, अख्खा गेम ४० केबीत. व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही याहून मोठा असतो. विकतचा असेल तर विकतच घ्या, करणाऱ्यानं जीव ओतलेला असतो.

सुरुवात अशाच ४० केबीवाल्या गेमपासून करा. फाइल बरोबर ४०,९७६ बाइटची पाहिजे: १६ बाइट हेडर (फाइलची माहिती), ३२,७६८ प्रोग्रॅम, ८,१९२ चित्रं. मेसेनसारख्या एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर या मशिनचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) आधी चालवून बघा आणि मॅपर, म्हणजे कॅसेटच्या बोर्डाच्या प्रकाराचा नंबर, ० आहे ना ते पक्कं करा. मोठ्या गेमला कॅसेटमध्ये जादा चिप लागते, त्याच्या नादाला सध्या लागू नका.

आता कॅसेट. "९९९९९९९ इन १" छाप पिवळ्या कॅसेटा उघडल्या की बहुतेकांत बोर्डावर डांबरासारखा काळा गोळा दिसतो. ती परत बंद करून ठेवा, त्यात बदलण्यासारखं काही नाही. दोन वेगवेगळ्या २८ पायांच्या चिपा असलेला बोर्ड हवा. जुन्या चिपा काढा आणि जागेवर सॉकेट बसवा, म्हणजे दर वेळी सोल्डरिंग नको.

चिप डब्ल्यू२७सी५१२ घ्या. विजेनं पुसते, अल्ट्राव्हायोलेटच्या दिव्याची भानगड नाही. ती ६४ केबीची आहे आणि तेच बरं. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) पहिले १६ बाइट उडवा, उरलेल्याचे दोन तुकडे करा. मग चिप लिहिणाऱ्या यंत्रानं प्रोग्रॅम एका चिपवर लागोपाठ दोनदा लिहा, चित्रं दुसऱ्या चिपवर आठदा. डेटा सगळीकडं तोच असल्यावर वरच्या जादा ॲड्रेस लाइनी (चिपेतली कुठली जागा वाचायची ते सांगणारे पाय) हाय असोत की लो, मशिनला फरक पडत नाही. फक्त त्या लोंबकळत ठेवू नका, ग्राउंडला जोडा.

खरं काम इथंच आहे: पाय १, २०, २२, २६ आणि २७. जुन्या चिपेचे आणि हिचे हे पाय जुळतीलच असं नाही, म्हणून मीटरनं एकेक ताळून बघा. प्रोग्रॅमच्या चिपेत २७ नंबरला सीपीयूची (मशिनच्या मुख्य चिपेची) ए१४ ही ॲड्रेस लाइन यायलाच पाहिजे. १६ केबीच्या बोर्डावर ती कधीकधी आलेलीच नसते, मग वायर ओढावी लागते. चित्रांच्या चिपेत २० ला पीपीयूची (मशिनमधल्या चित्र दाखवणाऱ्या चिपेची) ए१३ आणि २२ ला पीपीयूची रीड लाइन.

गेम सुरू झाला, पण स्क्रोल होताना पडद्याचे तुकडे भलतीकडं दिसले, तर मिररिंग, म्हणजे स्क्रोलसाठी पडद्याच्या मेमरीची जोडणी, चुकलंय. हेडरच्या सातव्या बाइटचा शेवटचा बिट १ असेल तर बोर्डावरची सीआयरॅम ए१० (त्या मेमरीची लाइन) ही पीपीयूच्या ए१० ला जोडा, ० असेल तर ए११ ला.

संगीत रेंगाळतंय? बिघाड नाही. गेम ६० हर्ट्झसाठी लिहिलेला आणि आपली पाल (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची) मशिन ५० वर चालते. काही गेम मशिन ओळखून स्वतः जुळवून घेतात, बाकीचे तसेच खेळायचे. मला तर हळू गेम सोपा जातो.

चालू करण्याआधी कॅसेटच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. फुंकर मारायची सवय सोडा, थुंकीनं पट्ट्या गंजतात. आणि बंदुकीचा गेम टाकणार असाल तर जुना डबा टीव्हीच लागेल, एलईडीवर नेम धरलाच जात नाही. माझ्या दुकानात असा एक टीव्ही आहे, चालू आहे, पण विकायचा नाही. कुणी विचारू नका.