घरच्या घरी रेडिओ दुर्बीण: सुरुवात २१ सेंटिमीटरपासून

मोठा प्रकल्प हाती घ्यायचा असेल तर विज्ञानातला असा शोध निवडा, ज्याच्या मुळाशी एक पक्का आकडा आहे. ‘अवकाशाविषयी काहीतरी करायचंय’ एवढ्यावर पत्रा कापता येत नाही, १४२०.४ मेगाहर्ट्‌झवर येतो. आकाशगंगेतला हायड्रोजन याच वारंवारतेवर रेडिओलहरी सोडतो, तरंगलांबी २१.१ सेंमी. डच खगोलशास्त्रज्ञ फान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात युएन आणि पर्सेल या शास्त्रज्ञांनी प्लायवूडला आतून तांबं लावलेला हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचा अँटेना) खिडकीबाहेर बसवून ती लहर पकडली. शोध निवडताना मूळ उपकरण कशाचं होतं हे जरूर बघा. लाकूड-पत्र्याचं असेल तर ते आपल्याही आवाक्यातलं असतं.

आता बाकीची मापं या एका आकड्यातून काढायची. एका बाजूने बंद असा १६ सेंमी व्यासाचा, किमान २५ सेंमी लांबीचा पत्र्याचा डबा घ्या. व्यास १२.४ सेंमीपेक्षा कमी असेल तर ही लहर डब्यातून पुढे सरकतच नाही. बाजूला भोक पाडून कनेक्टर बसवा आणि त्याच्या मधल्या पिनेला सुमारे ५ सेंमीची तांब्याची तार सोल्डर करा. हे भोक बंद तळापासून ८.३ सेंमीवर हवं. बहुतेकांचं इथेच चुकतं: २१.१ भागिले ४ करून ते ५.३ सेंमीवर भोक पाडतात. पण डब्याच्या आत तरंगलांबी ताणली जाऊन सुमारे ३३ सेंमी होते, आणि चौथा भाग तिचा घ्यायचा असतो. डब्याचा व्यास बदलला की हे अंतरही बदलतं. १५ सेंमीला ते ९.३ होतं.

डब्याच्या तोंडाला पुठ्ठ्याचा शंकू जोडा: तोंड ७० सेंमी, तिरपी लांबी ७५ ते ८०. आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा, पट्ट्या ३-४ सेंमी एकमेकींवर चढवून. असा हॉर्न आकाशाचा साधारण २० अंशांचा तुकडा बघतो.

कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि १४२० मेगाहर्ट्‌झचा फिल्टर (बाकीच्या वारंवारता अडवणारा) डब्यालगतच बसवा. आधी लांब केबल आणि मग अ‍ॅम्प्लिफायर असं केलंत तर केबलमध्ये गेलेला सिग्नल पुढे कितीही वाढवला तरी परत येत नाही. त्यानंतर आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाच्या यूएसबीला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. संगणक मात्र चार-पाच मीटर लांब ठेवा, त्याचा स्वतःचाच गोंगाट बराच असतो.

आकाशाकडे वळण्याआधी एक चाचणी करा. हॉर्न जमिनीकडे धरा, मग मोकळ्या आकाशाकडे. जमीन उबदार असते, त्यामुळे तिच्याकडे धरल्यावर संगणकावर दिसणारी सिग्नलची पातळी दोन-तीन डेसिबेल तरी चढायलाच हवी. ती हललीच नाही तर अ‍ॅम्प्लिफायरला वीज मिळत नाही किंवा सोल्डर कच्चं आहे. हे निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डोंगलचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) हाताने ठरवून तसाच ठेवा. स्वयंचलित गेन चालू राहिला तर तुलना फुकट जाते. डोंगल १४२१.० मेगाहर्ट्‌झवर लावा, कारण तो ऐकतो त्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या मधोमध त्याचा स्वतःचा खोटा सुळका असतो. हॉर्न हंस तारकासमूहाकडे धरून सिग्नलच्या आलेखाची पाच मिनिटांची सरासरी घ्या, मग आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर तेवढीच. पहिलीला दुसरीने भागलं की १४२०.४ जवळ उंचवटा दिसेल, बहुधा एकाहून जास्त.

उंचवटा ४७ किलोहर्ट्‌झ खाली सरकलेला असेल तर तो वायू सेकंदाला १० किमी वेगाने आपल्यापासून दूर जातोय. हिशोब करताना पृथ्वीचा सूर्याभोवतीचा ३० किमीचा वेग धरायला विसरू नका. त्याच दिशेचं मोजमाप सहा महिन्यांनी पुन्हा घेतलंत तर तो फरक आलेखात स्पष्ट दिसतो.