रोज चित्र काढायची सवय लागत नसेल तर कागद लहान करा

मोठी स्केचबुक आणली की पहिली चार पानं होतात आणि मग ती कपाटात जाते, माझ्या तीन अशाच गेल्या. आता रोज काढतोय ते फक्त असं केल्यामुळे.

१. एका बाजूने कोरे असलेले ए-४ कागद घ्या, एकाचे चार तुकडे करा, वीस-पंचवीस तुकडे क्लिपला लावून साधा बॉलपेन तिथंच अडकवा. खोडरबर अजिबात नको, ते हातात आलं की सगळा वेळ खोडण्यात जातो.

२. हा गठ्ठा चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवा. चहा उकळेपर्यंत जेवढं होईल तेवढंच काढायचं, अर्धवट राहिलं तरी चालतं.

३. आठवडाभर विषय एकच. आपल्या सोलापुरात तर विषय अंथरुणातच आहे, चादरीवरचा मोर अगदी जवळून बघा, जॅकार्डवर म्हणजे नक्षी विणायच्या मागावर विणलेला असल्यामुळे त्याची गोल मानसुद्धा बारीक बारीक पायऱ्यांनी वळलेली दिसते, मला हे इतकी वर्षं पांघरूनही कधी दिसलं नव्हतं! सोमवारी फक्त मान, मंगळवारी पिसारा, बुधवारी काठ असं करत जा. रविवारी वेळ असेल तर भुईकोट किल्ल्याचा एखादा बुरूज.

४. मागं तारीख टाका आणि तुकडा एखाद्या रिकाम्या डब्यात टाका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन काढायला बसू नका, तिथंच कंटाळा येतो.

फक्त दुकानातल्या गुळगुळीत बिलांच्या मागं काढू नका, तो कागद उष्णतेनं काळा पडतो आणि आपला उन्हाळा तर माहितीच आहे.