डोळे नाजूक असतील तर चेहऱ्याचा मेकअप कुठे थांबवायचा?

मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लगनघाई असते आणि पारा ४४-४५ वर. मांडवात बसलेल्या नवरीच्या कपाळावरचा घाम फाउंडेशन घेऊन थेट डोळ्यात उतरतो. "ताई, डोये चुरचुरून रायले" हे तालुक्यातल्या माझ्या पार्लरमध्ये दर हंगामात ऐकू येतं. गालाला जे मानवतं ते पापणीला मानवेलच असं नाही. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

म्हणून आधी बोटाने डोळ्याच्या खोबणीचं हाड चाचपा. फाउंडेशन आणि कॉम्पॅक्ट त्या हाडाच्या बाहेरच ठेवायचं. आत लावायचं ते फक्त डोळ्यांसाठी म्हणून विकलेलं. लिपस्टिक पापणीवर फिरवून आयशॅडोचं काम भागवू नका, आणि केसांचा डाय भुवयांना तर मुळीच लावू नका.

नवीन वस्तूची परीक्षा लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी सुरू करा. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा थोडंसं लावायचं, असं सात दिवस. ॲलर्जी बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून सकाळी लावून संध्याकाळी "काही झालं नाही" म्हणणं उपयोगाचं नाही. हे मी फार उशिरा शिकले. एका नवरीला खोट्या पापण्यांचा गोंद न तपासता लावला होता. मांडवपरतणीला ती आली तेव्हा दोन्ही पापण्या इतक्या सुजल्या होत्या की तिला डोळे उघडवत नव्हते. तिच्या आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण तो चेहरा मी विसरलेले नाही.

पापण्या खाजत असतील आणि मेकअप तर केलेलाच नसेल, तर नखांकडे बघा. नेलपॉलिश बोटांना काही करत नाही, पण तोच हात डोळ्याला लागतो आणि पापणी लाल होते. बायकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही.

आठवडी बाजारातून घेताना डबीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापरायची मुदत आहे का ते वाचा. काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका, तिथेच ठेवून द्या. काही सुरम्यांत शिसं असतं, त्यामुळे लेकरांच्या डोळ्यात तो घालूच नका. मस्कारा उघडल्यावर तीन महिन्यांनी टाकून द्या, अर्धा उरला असला तरी. घरात कुणाचे डोळे आले असतील तर काजळाची कांडी एकमेकींत फिरवायची नाही.

लावताना हात साबणाने धुवा आणि समोरचा कूलर बंद करा. सुट्टी पावडर आणि चमकी वाऱ्याने उडून डोळ्यात जाते. डोळ्यांजवळ क्रीमसारखी वस्तू बरी. काजळ-लायनर पापण्यांच्या केसांच्या बाहेरूनच ओढा. आतल्या ओल्या कडेवर तेलग्रंथींची बारीक तोंडं असतात. ती बुजली की डोळा कोरडा पडतो, रांजणवाडीही होते. घरच्या एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळालाही हाच नियम.

रात्री कितीही दमलात तरी उतरवून झोपा. ओला कापूस मिटल्या पापणीवर थोडा वेळ ठेवायचा, मग अलगद खाली पुसायचं, घासायचं नाही.

डोळ्यात काही गेलंच तर चोळू नका. लेन्स असेल तर काढा, आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटं डोळ्यावर सोडा. मध, तूप, गुलाबपाणी, आईचं दूध यातलं काही घालू नका. घरात उरलेले जुने थेंबही नकोत. धुऊनही दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धुरकट दिसत असेल, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा आणि ती डबी सोबत न्या, म्हणजे त्यात काय काय आहे ते डॉक्टरांना वाचता येईल.