ट्रॅक्टरची बसलेली बॅटरी पल्स चार्जरने कशी उठवायची

निफाडला मामांचा ब्लोअरचा (बागेवर औषध फवारायचा) ट्रॅक्टर पावसाळाभर शेडमध्ये उभा, छाटणीच्या तोंडावर चावी फिरवली तर नुसतं टक टक. मामा म्हणाले एक्सचेंजला देऊन टाक, पण मी ती नाशिकला सिडकोत घरी आणली, कारण बॅटरी उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात, आणि पल्स चार्जर (विजेचे छोटे छोटे झटके देणारा) चालला तर याच दुखण्यावर चालतो, बाकी कशावर नाही.

म्हणून आधी तपासणी. गॉगल, रबरी हातमोजे घाला, सांडलेल्या ॲसिडवर टाकायला खायचा सोडा जवळ ठेवा, डोळ्यात उडालं तर मात्र साध्या पाण्याने धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. झाकणं काढून प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल वॉटर घाला, चार्जिंगला पातळी वर येते. ॲसिड घालू नका हो, बरेच जण हीच चूक करतात! ॲसिडचा सल्फेट प्लेटांवरच अडकलाय, खडे विरघळले की तो परत पाण्यात येतो.

मग साध्या चार्जरवर रात्रभर, ८८ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरीला ४ अँपिअर पुरे. सकाळी हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) लावा. सहाही सेल (बॅटरीचे कप्पे) सारखेच कमी असतील तर आशा आहे. एकच सेल पार खाली आणि व्होल्टेज १०.५ च्या आसपास अडकलं तर तो सेल शॉर्ट असणार, आणि पाणी काळपट तपकिरी आलं म्हणजे प्लेटांचा मसाला झडलाय, तिथे वेळ घालवू नका.

आशा असेल तर पल्स चार्जर टर्मिनलला, सोबत छोटा चार्जर साडेतेरा व्होल्टवर, आणि बॅटरी गच्चीत किंवा गॅलरीत, देवघराजवळ तर नकोच, कारण हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो. क्लिप काढायच्या आधी स्विच बंद. बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापली तर थांबवा. आठवडे लागतात, दर तीन-चार दिवसांनी हायड्रोमीटरचं रीडिंग वहीत लिहा, आमचं ११५० वरून १२३० वर यायला तीन आठवडे गेले.

व्होल्टेज बघून खूश होऊ नका, लोड लावा. ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर खातो, १०.५ व्होल्टला येईपर्यंतचे तास मोजून साडेचारने गुणा, तेवढे एएच उरले. मामांची ११ तास चालली, म्हणजे ५० च्या आसपास, नवी नाही झाली पण सेल्फ उचलतेय. नाहीच उठली तर ॲसिडसकट दुकानात एक्सचेंजला द्या, गटारीत ओतू नका.