पळसाची वही

"यंदा पळस होळीच्या आधीच फुलला, ऋतूच बिघडलेत," असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. काळजी खरी आहे. कमाल तापमानाच्या सरासरीत २०२३चा फेब्रुवारी भारतात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. पण होळीच्या मापाने पळस मोजता येत नाही. २०२४ची होळी २४ मार्चला होती, २०२५ची १३ मार्चला. पळस दोन्ही वर्षी एकाच तारखेला फुलला असता, तरी होळीच्या हिशेबात ११ दिवसांचा फरक दिसला असता. म्हणून पळस कधी फुलतो याच्या नोंदींची एक वही ठेवा आणि तिच्यात तारीख इंग्रजी महिन्याचीच घाला.

जानेवारीच्या सुरुवातीला झाडं निवडा. तीन-चार पळस आणि एखादी काटेसावर पुरे, पण सगळी घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत हवीत. लांबची झाडं दोन आठवड्यांत सुटतात. एकाच पळसावर भिस्त ठेवू नका, कारण शेजारशेजारचे दोन पळसही आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने फुलू शकतात. बागेतलं पाणी मिळणारं किंवा नुकतंच छाटलेलं झाड टाळा, नाहीतर माळ्याच्या कामाची नोंद हवामानाच्या नावावर जाईल. खुणेसाठी खिळा ठोकू नका. ठरलेल्या दगडावर उभं राहून दर वेळी त्याच कोनातून फोटो काढला की झालं.

आठवड्यातून एक वार ठरवा आणि तो मोडू नका. कळ्या, उमललेली फुलं, कोवळी पानं, शेंगा असे चार रकाने आखा. प्रत्येकात शून्य, थोडं (फांद्यांच्या एक तृतीयांशापेक्षा कमी) किंवा भरपूर, एवढंच लिहा. शून्य लिहायचा कंटाळा येतो आणि वही तिथेच वाया जाते: आधीच्या आठवड्यात झाड कोरं होतं हे लिहिलेलं नसेल, तर 'पहिलं फूल' म्हणजे आपलं लक्ष गेलं तो दिवस, इतकाच त्याचा अर्थ उरतो. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. सीझनवॉच हा लोकविज्ञान प्रकल्प देशभरातून अशाच आठवडी नोंदी गोळा करतो. तिथे भर घातली, तर आपल्या चार झाडांना हजारोंची सोबत मिळते.

मात्र वही उघडण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. सूर्योदयापासून नऊपर्यंतची वेळ सगळ्यात चांगली. खाली पडलेलं एक फूल तळहातावर घ्या. देठाकडचा पेला काळपट, मखमली असतो. केशरी पाकळ्यांवर बारीक रुपेरी लव असते, उजेडात तिरपं धरलं की चमकते. वाकलेली पाकळी पोपटाच्या चोचीसारखी. फांदीवर शिंजीर, बुलबुल, साळुंक्या मधासाठी भांडत असतात. गुलाबी-काळ्या भोरड्यांचा थवा आला, तर त्याचीही तारीख लिहा. या पाहुण्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. त्या साधारण एप्रिलपर्यंत इथून परत जातात, त्यामुळे फुलांची आणि त्यांची गाठ पडते का, हे पुढच्या दहा वर्षांत बघण्यासारखं आहे.

रंग करायचा असेल, तर पडलेलीच फुलं वेचा. झाडावरची पाखरांची. ओंजळभर ताज्या पाकळ्या लिटरभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळून रात्रभर ठेवा आणि सकाळी फडक्यातून गाळा. पिवळसर केशरी रंग उतरतो. कापड रंगवायचं असेल, तर चिमटीभर चुन्याने तो गडद होतो. अंगावर खेळायच्या रंगात चुना घालू नका. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडात रंग काळवंडतो. हे पाणी दोन दिवसांत आंबतं, तेव्हा धुळवडीच्या आदल्या रात्रीच करा. फुलं आधी गळत असतील, तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.