सायक्लोक्रॉसला फोर्क कुठला घ्यावा: मुंबईत राहणाऱ्यांसाठी

सोमवार ते शुक्रवार ऑफिस, रविवारी येऊर नाहीतर गोराई-उत्तन आणि थंडीत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा गाठून पुढे मुरुडपर्यंत. एकाच सायकलवर हे सगळं करायचं तर सायक्लोक्रॉससारखी (चिखल-मातीच्या शर्यतींसाठी बनलेली, रोड सायकलसारखी दिसणारी) दुसरी सायकल नाही. घोळ होतो तो फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, निवडताना. ‘कार्बन घे, हादरे बसत नाहीत’ असं सांगणाऱ्याने पावसाळ्यानंतर स्वतःचा हेडसेट (फोर्क ज्यावर फिरतो ती बेअरिंगं) क्वचितच उघडून पाहिलेला असतो.

आधी मापं घ्या. अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतची (चाकाच्या आसापासून फोर्कचे पाय जुळतात त्या माथ्यापर्यंतची) लांबी सायक्लोक्रॉसमध्ये साधारण ३९५ ते ४०० मिमी असते, रोड फोर्कमध्ये ३७० च्या आसपास. २० मिमीचा फरक पडला तर हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा कल) जवळपास एका अंशाने बदलतो, त्यामुळे ‘बसतोय ना, मग झालं’ हा हिशेब इथे चालत नाही. सरळ २८.६ मिमी स्टिअररच्या (फोर्कची फ्रेममधून हँडलपर्यंत जाणारी नळी) फ्रेममध्ये खाली रुंद होत जाणारा स्टिअरर बसणार नाही. उलटं मात्र अ‍ॅडॉप्टर लावून जमतं. अ‍ॅक्सल आणि डिस्क कॅलिपरचं (डिस्क आवळणाऱ्या ब्रेकच्या भागाचं) माउंट तुमच्या चाकाशी नि ब्रेकशी जुळतंय का ते बघा.

मग वापर ठरवा. मडगार्ड लावणार का, पुढे बॅगा टांगणार का? टांगणार असाल तर फोर्कच्या पायांवर त्यासाठी आटे असलेली भोकं हवीत. कार्बनवर क्लॅम्प आवळून कॅरिअर बसवू नका, उत्पादकाने तशी परवानगी दिली असेल तरच बसवा.

हादऱ्यांचं काय? पेव्हर ब्लॉक आणि खड्ड्यांचे हादरे टायर खातं, फोर्क नाही. स्पर्धेत टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, पण तो नियम आपल्याला लागू नाही. फ्रेम आणि फोर्कमध्ये बसत असेल तर ३८ किंवा ४० मिमीचं टायर टाका, हवा ४० पीएसआयच्या आसपास आणा आणि वजनाप्रमाणे थोडी कमीजास्त करा. डिस्क ब्रेकचा स्टील फोर्क मऊ असतो हीसुद्धा जुन्या बारीक पायांच्या फोर्कची आठवण आहे. डिस्कचा ताण डाव्या पायावर येतो, म्हणून तो फोर्क जाड आणि ताठच बनवावा लागतो. सस्पेन्शन फोर्कचं नाव काढू नका, फ्रेम त्यासाठी नाही.

आता फोर्क कशाचा बनलेला असावा, हा खरा प्रश्न. इथे मी स्वतः बराच काळ गोंधळलेलो होतो, कारण दुकानात ‘कार्बन’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत पाय आणि स्टिअरर दोन्ही कार्बनचे. वजन बहुधा ४०० ते ६०० ग्रॅम. दुसरीत पाय कार्बनचे, स्टिअरर अ‍ॅल्युमिनियमचा. ही दुसरी स्वस्त असते आणि ‘सेफ’ म्हणून गळ्यात मारली जाते. समुद्राकाठच्या शहरात मला तिचीच जास्त धास्ती वाटते. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम गंजायला लागतं. चांगले उत्पादक दोघांमध्ये काचतंतूंचा थर देतात, मग त्रास नाही. पण स्वस्त फोर्कमध्ये तो थर आहे की नाही हे बाहेरून कळायचं कसं? असा फोर्क आधीच लावलेला असेल तर दर दसऱ्याला, झेंडूची माळ घालण्याआधी, हेडसेट उघडा. सांध्यापाशी रंग फुगलेला किंवा पांढरी भुकटी दिसली तर फोर्क काढून टाका. ‘थोडे दिवस चालवू’ म्हणू नका. पुढचा फोर्क तुटला तर माणूस तोंडावरच पडतो.

क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलचा फोर्क साधारण १ ते १.२ किलोचा. कार्बनपेक्षा जास्तीचं वजन अर्धा लिटर पाण्याएवढं, आणि तेवढं पाणी आपण बाटलीत घेऊन फिरतोच. स्टील बहुधा तुटण्याआधी वाकतं, म्हणजे सूचना देतं. त्याचा शत्रू गंज, आणि तो आतून येतो: पायांच्या टोकाशी असलेल्या बारीक भोकांतून दमट खारी हवा शिरते. उपाय सोपा आहे. मे महिन्यात फोर्क काढून आत ‘बॉइल्ड लिनसीड’ नावाने तयार मिळणारं जवसाचं तेल ओता, सगळीकडे फिरवा, निथळू द्या आणि काही दिवस टांगून ठेवा. जुलैत करायला गेलात तर ते वाळता वाळत नाही.

तेव्हा माझं मत: बारा महिने चालवणार, सामान लादणार, सायकल बाल्कनीत राहणार तर स्टील. सामान नाही, पावसानंतर तपासणी स्वतः करणार आणि रेल्वेच्या पुलावर सायकल खांद्यावर उचलायची असेल तर पूर्ण कार्बन. सेकंडहँड कार्बन नको. स्टिअररला गेलेली बारीक चीर रंगाखाली लपते. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा फोर्क असेल तर राहू द्या, नव्याने पैसे घालू नका. कँटिलिव्हर ब्रेक (डिस्कऐवजी रिम आवळणारा जुना प्रकार) दाबल्यावर फोर्क थरथरत असेल तर केबलचा हँगर (ब्रेकची वायर अडकवणारी पट्टी) हेडसेटवरून काढून क्राउनवर बसवा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

बसवताना स्टील नि अ‍ॅल्युमिनियमचं काम कुठलाही मेकॅनिक करेल. कार्बन स्टिअररचं काम चालू असताना मात्र शेजारी उभे राहा. हातोडीने स्टार नट (स्टिअररच्या आत ठोकून बसवायचा नट) ठोकू देऊ नका. कार्बनमध्ये आवळल्यावर फुगून घट्ट होणारा एक्स्पांडर प्लग बसतो. स्टिअरर कापायला बारीक दात्यांची ब्लेड, तोंडाला मास्क. स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) उत्पादकाने सांगितलंय त्यापेक्षा जास्त स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) नकोत. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटर असतं, पण स्टेमवर छापलेला आकडा खरा. पहिल्या फेरीनंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. टकटक आली तर आधी स्टेमचे बोल्ट सैल करा, वरची कॅप थोडी आवळा आणि मगच बोल्ट पुन्हा घट्ट करा.